ठरवून दिलेला भाव

रमजानच्या आधीचा शाबान महिना उतरणीला लागला की सौदीतल्या राबिघमधल्या आमच्या दुकानाचं रूपच पालटतं. दारासमोर खजुराच्या खोक्यांची भिंत उभी राहते आणि गिऱ्हाइकाला वळसा घालूनच आत यावं लागतं. सरबताच्या गडद जांभळ्या बाटल्या, समोशाच्या पातळ पट्ट्यांची पाकिटं, ओट्सचे डबे, दुधाची भुकटी, आणि आत कुठेतरी फाटलेल्या पोत्यातून येणारा वेलचीचा वास. रमजान अजून दहा-बारा दिवसांवर असतो, पण दुकानाला तो आधी कळतो. या वर्षीही कळलाय. सकाळपासून मी मांडण्यांमधून फिरतोय आणि एकेका वस्तूला भाव लावतोय.

हेच माझं काम. कमरेच्या पट्ट्याला छोटा प्रिंटर लटकवलेला असतो. बटण दाबलं की चिठ्ठी बाहेर येते, बोटांना किंचित कोमट लागणारी. ती मांडणीच्या कडेच्या पट्टीत सरकवायची. भाव मी ठरवत नाही. काही भाव दुकानात ठरतात, काहींवर इथल्या सरकारची नजर असते, आणि कधी कधी समुद्रापलीकडचं दुसरंच सरकार काहीतरी ठरवतं आणि त्याचा आकडा माझ्या चिठ्ठीवर उमटतो. श्रीवर्धनजवळच्या गावातून इथे येऊन मला अठरा वर्षं झाली. बायको नसीमा आणि मुलगी गावी. मी दुकानाच्या वरच्या खोलीत. अठरा वर्षांत किती चिठ्ठ्या लावल्या असतील, सांगता येणार नाही. त्यातल्या बहुतेक विसरलो. एक विसरलो नाही.

आज कांद्याच्या खणापाशी आलो तेव्हा हात थोडा थांबला. कांदे लालबुंद, कोरडे, हात लावला की सालं खसखसत सुटणारे. सालांचा तो आवाज ऐकला की मला दोन वर्षांपूर्वीचा रमजान आठवतो. लोकांना रमजान म्हटलं की हलीम आठवतो, शिरखुर्मा आठवतो. मला कांदे आठवतात.

त्या वर्षी थंडी सरता सरता हिंदुस्थानातून कांदा येणं बंद झालं. देशात भाव चढू नयेत म्हणून तिथल्या सरकारने निर्यात थांबवली होती. मोबाइलवर बातमी वाचून मी मनात म्हटलं, बरं झालं, नसीमाला स्वस्त मिळेल. लहानपणी खाडीत डुंबताना आम्ही सुका नारळ पाण्याखाली दाबायचो. इथे दाबला की तो तिथे, भलत्याच कुणाच्या तोंडासमोर उसळून वर यायचा. तसा तो भाव तांबड्या समुद्राच्या काठावर, आमच्या दुकानात येऊन वर आला.

दुकान चालवायचे उमरमामू. नसीमाचे सख्खे मामा. मालक जेद्दाला, महिन्यातून एकदा येणारा. बाकी सगळा कारभार मामूंचा. मला इथे आणलं ते त्यांनीच. व्हिसा त्यांनी मिळवला, विमानतळावर घ्यायला आले ते तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा घेऊन, आणि पहिल्याच उन्हाळ्यात मी तापाने फणफणलो तेव्हा दुकान दुसऱ्यावर सोपवून दोन दिवस माझ्या उशाशी बसून राहिले. दाढीला मेंदी, कपाळावर नमाजाचा डाग, आवाज खालच्या पट्टीतला. मामूंना बाजाराचा वास आधी यायचा. निर्यात बंद व्हायच्या आठवडाभर आधीच त्यांनी पस्तीस पोती कांदा घेऊन ठेवला होता. गोदामाच्या मागच्या भिंतीला, टिश्यूपेपरच्या खोक्यांआड.

रोज सकाळी त्यातून एकच क्रेट बाहेर यायचा. आणि रोज सकाळी मामू मला नवा आकडा सांगायचे.

“मामू, कालच वाढवला होता.”

“मग आजही वाढव. रमजान लागू दे, मग बघ लोक कसे मागतात ते.”

ते वाईट नव्हते. साठी ओलांडली होती, आणि या वयात इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे चालू राहायचा तर मालकाला विक्रीचे आकडे दाखवावे लागतात, हे मला माहीत होतं. म्हणून मी बटण दाबत राहिलो.

सगळ्यात जास्त जाणवला तो धनबहादूर. गावाबाहेरच्या रिफायनरीच्या वाटेवर कामगारांचा एक कॅम्प आहे, तिथला तो नेपाळी आचारी. चाळीस माणसांचं जेवण रांधायचा. आधी खांद्यावर पोतं टाकून न्यायचा. आता खणापाशी उभा राहून एकेक कांदा उचलून, वजन अंदाजून, पिशवीत टाकायचा. एकदा माझ्याकडे बघून हसत म्हणाला, “भाई, अब तो प्याज की खुशबू ही डालेंगे.” मीही हसलो. हसण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे.

आणि डोरोथीबाई.

त्या इंग्लंडच्या. मुलगी रिफायनरीच्या वसाहतीतल्या शाळेत शिक्षिका. आईला एकटं कुठे ठेवायचं म्हणून थंडीभर आपल्याकडे घेऊन आलेली. पंचाऐंशीच्या आसपासच्या असतील. पांढरे केस मुलासारखे कापलेले, अंगात ढगळ काळा अंगरखा, पायांत चालायचे जाड बूट. वसाहतीची बस रोज दहा वाजता बायकांना बाजारात सोडायची आणि साडेअकराला परत न्यायची. बाकीच्या बायका कापडाच्या, अत्तराच्या दुकानांकडे जायच्या. या सरळ आमच्याकडे. घ्यायच्या फार तर एक लिंबू, नाहीतर काड्यापेटी. पण हात मागे बांधून प्रत्येक मांडणीसमोर थांबत, चिठ्ठी न् चिठ्ठी वाचत जायच्या. मुलगी चारपर्यंत शाळेत. दिवसभर त्या घरात आवाज म्हणजे एसीचा तेवढा. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

पहिल्यांदा बोलल्या त्या तक्रारीच्या सुरात. “हे काल यापेक्षा कमी होतं.”

मी वळून पाहिलं. बोट कांद्याकडे.

“हो मॅडम. माल येत नाही.”

“माल येत नाही,” त्यांनी माझं वाक्य हळूच उच्चारलं, जणू फार वर्षांनी कुणी ओळखीचं भेटलं असावं. मग म्हणाल्या, “मी किराणा दुकानदाराची मुलगी आहे.”

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं. इंग्रजीतून, तोडकंमोडकं माझ्या बाजूने. मी मांडण्या लावत पुढे सरकायचो, त्या बरोबर सरकायच्या. मला इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांनी विचारलं होतं ते इतकंच: हे कुठे आहे, ते कितीला आहे. डोरोथीबाईंनी विचारलं, माझ्या मुलीला गणित आवडतं का. मला उत्तर माहीत नव्हतं. त्या दिवशी फोनवर मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, “बावा, आज काय झालंय तुम्हाला?”

त्यांना सर्वांत नवल वाटायचं ते रोटीचं. इथली खुबूस एका रियालला मिळते. मी आलो तेव्हाही एका रियाललाच होती. पीठ स्वस्त राहील हे सरकार बघतं, वजन तपासायला माणसं येतात. बाकी सगळं वाढलं, पण ती प्लास्टिकची पिशवी एका रियालची राहिली. डोरोथीबाई पिशवी उचलायच्या, तळहातावर तोलायच्या, परत ठेवायच्या.

“आमच्याकडेही पावाचा भाव सरकारने बांधलेला होता,” एक दिवस म्हणाल्या. “गंमत सांगू? युद्ध चालू होतं तोवर पाव मोकळा मिळायचा. युद्ध जिंकलो आणि पावावर कूपन आलं. माझी आई म्हणायची, हरलो असतो तर काय खाल्लं असतं?”

त्यांचं गाव लँकशायरमधलं, गिरण्यांचं, पावसाचं. वडलांचं कोपऱ्यावरचं दुकान. साखर, लोणी, चहा, अंडी, सगळ्याचं माप ठरलेलं आणि भावही ठरलेला. गावातल्या प्रत्येक कुटुंबाने आपलं नाव एकाच दुकानदाराकडे नोंदवायचं, आणि मापाचा माल त्याच्याकडूनच घ्यायचा. दारामागे खिळ्याला सरकारी भावांचे कागद अडकवलेले. साखर निळ्या कागदाच्या पुड्यांमध्ये बांधायचं काम डोरोथीबाईंचं. शाळेतून आल्यावर शेकोटीशी बसून पुड्या वळायच्या. एका वर्षी सरकारने गोळ्या-चॉकलेटं कूपनातून मोकळी केली. पोरंच काय, मोठी माणसंही दुकानांवर तुटून पडली. चार महिन्यांत बरण्या रिकाम्या, आणि पुन्हा कूपन. “ते चार महिने,” त्या म्हणाल्या. आणि ओठांवरून अंगठा फिरवला.

“याला तुम्ही काय म्हणायचात?” मी विचारलं.

“कंट्रोल. कंट्रोलचा भाव.”

मला हसू आलं. म्हटलं, “आमच्याकडे तर दुकानाचंच नाव कंट्रोल.” रेशनच्या दुकानाला आमच्या गावात अजून कुणी दुसरं काही म्हणत नाही. अम्मा म्हणायची, कंट्रोलवर साखर आलीय, पळ. कंट्रोलचं रॉकेल, कंट्रोलचा जाडा तांदूळ, त्यातले खडे निवडत ओट्यावर बसलेल्या बायका. शब्द कुठून आला, याचा कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी वाटलं, त्याच युद्धात, त्याच सरकारच्या कुठल्याशा टेबलावरून तो निघाला असणार. एक फाटा लँकशायरला गेला, एक आमच्या खाडीपर्यंत आला. आणि दोन्हीकडची माणसं पिशवी घेऊन रांगेत उभी राहिली.

मी हे त्यांना सांगायचा प्रयत्न केला. माझं इंग्रजी पुरलं नाही. पण त्यांना समजलं असावं, कारण त्यांनी “कंट्रोल” हा शब्द माझ्यासारखा, ‘ट्रोल’वर जोर न देता, म्हणून बघितला.

त्या दिवसांत समुद्रावरून वारा सुटायचा. दुपार कलली की हवा खारट, जड व्हायची आणि दूर रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत वाऱ्याने आडवी पडायची. अशा हवेत कांदा टिकत नाही. गोदामात मागच्या पोत्यांमधून हलका कुजका वास येऊ लागला होता. मामूंनी दोन पोती उपसून सडके कांदे वेगळे काढले आणि गुपचूप कचऱ्यात टाकले. बाहेर धनबहादूर एकेक कांदा तोलत होता. त्याच सकाळी गोदामाचं दार क्षणभर उघडं राहिलं आणि पोत्यांची थप्पी डोरोथीबाईंना दिसली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डाळींच्या मांडणीकडे वळल्या आणि मसुरीची चिठ्ठी बराच वेळ वाचत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आला.

रमजानच्या आधी व्यापार मंत्रालयाची माणसं दुकानादुकानांतून फिरतात. भाव तपासतात, माल दडवलाय का बघतात. हा तरुण होता, स्वच्छ पांढरा पायघोळ थोब, हातात टॅब. दारातच सलाम केला, मला नाव विचारलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. खुबूसची पिशवी काट्यावर ठेवून पाहिली. दुधाची, तेलाची चिठ्ठी आणि कॅश काउंटरवरचा आकडा जुळतोय का बघितलं. जुळत होता, ते काम माझं, त्यात चूक नसायची. मग कांद्याच्या अर्ध्या रिकाम्या क्रेटपाशी थांबला.

“फी बसल?” त्याने विचारलं. आणखी कांदा आहे का?

काउंटरमागे मामू उभे होते. त्यांच्या हातातली तसबीह थांबली, तो आवाज मला ऐकू आला. म्हणजे मण्यांचा आवाज बंद झाला, तो. डोरोथीबाई तीन पावलांवर होत्या.

“खलास,” मी म्हणालो.

तो माझ्या डोळ्यांत बघत होता. त्याने मान डोलावली. गोदामाच्या दारापर्यंत जायला त्याला वीसच पावलं लागली असती. तो गेला नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्याने टॅबवर काहीतरी टिपलं, पुन्हा सलाम केला आणि निघून गेला. शंका घेऊन दार उघडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा तरी वाटलं.

मामूंनी माझ्या पाठीवर थाप मारली. डोरोथीबाईंनी त्या दिवशी काहीच घेतलं नाही. बस यायला अवकाश होता, तरी बाहेर जाऊन उन्हात उभ्या राहिल्या.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. यायच्या, चिठ्ठ्या वाचायच्या, जायच्या. तिसऱ्या दिवशी मीच गेलो. म्हटलं, “मॅडम, ते माझ्या बायकोचे मामा आहेत.”

“मला वाटलंच, नात्यातले असतील म्हणून,” त्या म्हणाल्या. मग तेलाच्या डब्यांना टेकून, माझ्याकडे न बघता त्यांनी जे सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत सांगतो.

त्या अकरा वर्षांच्या होत्या. घरात जिन्याखाली एक कोनाडा होता, त्यात वडलांनी साखर दडवली होती. शेजारी एक विधवा राहायची, तिला दोन मुलं. धाकटं आजारी होतं, काही पोटात ठरत नव्हतं. ती एकदा संध्याकाळी आली, पुढच्या आठवड्याची साखर आधी मिळेल का म्हणून. वडील म्हणाले, नाही हो, सगळी संपली. तासाभराने डॉक्टरांची बायको मागच्या दाराने आली आणि दुप्पट भावाने दोन पुड्या घेऊन गेली. पुड्या डोरोथीबाईंनीच वळलेल्या होत्या. काही दिवसांनी अन्नखात्याचा माणूस आला. वडलांना विचारत होता, वडील मान हलवत होते. कुणीच डोरोथीबाईंना काही विचारलं नव्हतं.

“मी स्वतःहून म्हणाले, जिन्याखाली बघा.”

वडलांना दंड झाला. गावच्या पेपरात नाव आलं. लोकांनी आपली नावं दुसऱ्या दुकानात नोंदवून घेतली, आणि वर्षाच्या आत दुकान गेलं. वडील एका वखारीत मालाची नोंद ठेवायला लागले. ते मुलीवर कधी रागावले नाहीत. एक शब्दही बोलले नाहीत त्याबद्दल. फक्त त्या दिवसापासून त्यांनी चहात साखर घेणं सोडलं. साखर पुढे मोकळी झाली, स्वस्त झाली, तरी नाही. पुढची तीस वर्षं ते समोर बसून बिनसाखरेचा चहा प्यायचे आणि डोरोथीबाई बघायच्या.

“ती शिक्षा मला होती की स्वतःला, हे मला अजून कळलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “विचारायला हवं होतं.”

“तुम्ही चुकलात असं वाटतं का?”

“त्या बाईचं धाकटं मूल वाचलं,” शेवटी म्हणाल्या. “साखरेमुळे नाही, आपोआप. पण ती बाई माझ्याशीही कधी बोलली नाही नंतर. कुणालाच चुगलखोर मुलगी आवडत नाही.” मग बसचा हॉर्न वाजला आणि त्या गेल्या.

रमजान लागला. पहिल्या शुक्रवारी मामू उमऱ्यासाठी मक्केला गेले, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजानंतर परतणार होते. मी दहा वाजता दुकान उघडलं. पहाटे सहरीला खाल्लेलं पोटात होतं, तोंड कोरडं, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी गोदामात गेलो, टिश्यूची खोकी बाजूला केली आणि पोती ओढायला लागलो. पस्तीसातली आता सव्वीस उरली होती. एकेक ओढत बाहेर आणलं, मधल्या वाटेत दोन्ही बाजूंना रचलं. कॅशियर केरळचा होता, तो डोळे विस्फारून बघत राहिला. मग मी काउंटरच्या मशीनवर आणि माझ्या प्रिंटरवर आकडा बदलला. निर्यात बंद होण्याआधीचा भाव टाकला. बटण दाबलं. चिठ्ठी बाहेर आली. ती पट्टीत सरकवली.

जुम्म्याची नमाज आटोपल्यावर बातमी कशी पसरली कोण जाणे. येमेनी आले, बंगाली आले, वसाहतीतल्या मोलकरणींची एक झुंड आली. धनबहादूर आला, चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठी वाचली. मग दोन पोती एकावर एक खांद्यावर घेतली आणि गुडघ्यात वाकत, हसत, बाहेर पडला. दोन तासांत फरशीवर नुसती सालं उरली. दार उघडलं की वाऱ्याने ती उडायची, भिंतीशी जाऊन बसायची.

मी वसाहतीच्या बसची वाट बघत होतो. शुक्रवारी ती उशिरा यायची. आली, बायका उतरल्या. डोरोथीबाई नव्हत्या. ड्रायव्हर म्हणाला, “बूढ़ी मैडम आज नहीं आयी.”

असर झाली आणि मामू आले. उमऱ्यानंतरचं मुंडण केलेलं, चेहरा उजळलेला. आत येताच फरशीकडे बघितलं. गोदामात जाऊन आले.

“कांदे?”

“विकले.”

“कोणत्या भावाने?”

“चिठ्ठीवरच्या.”

“चिठ्ठी कुणी लावली?”

“मी.”

मामूंनी आवाज चढवला नाही. खालच्याच पट्टीत म्हणाले, “मी तुला इथे आणला, इक्बाल.” बस्स. त्यानंतर आजतागायत त्यांनी त्या दिवसाचा उच्चार केला नव्हता.

आम्ही दुकानातली माणसं गोदामात खोकी पसरून, गोल बसून रोजा सोडायचो. मामू मधोमध, खजूर वाटायचे. त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांच्या हातावर खजूर ठेवले, माझ्यासमोरून हात पुढे नेला. दुसऱ्या दिवसापासून मी काउंटरमागे, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर एकटाच बसू लागलो. अजान व्हायची, मी एक घोट पाणी प्यायचो. आत त्यांच्या बोलण्याचा, सरकवलेल्या ताटांचा, कुणीतरी हसल्याचा आवाज यायचा. रिकाम्या दुकानात फ्रिज गुरगुरायचे. आपण चूक केली असती तर निदान माफी मागता आली असती, असं वाटायचं. माफी मागण्यासारखं काही केलं नव्हतं. गावाकडे बातमी कशी पोचली माहीत नाही, पण नसीमाने फोनवर विचारलं, “मामूंचं आणि तुमचं काही झालंय का? अम्मी विचारत होती.” मी म्हटलं, “काही नाही. कामाचा ताण.”

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात डोरोथीबाईंची मुलगी दुकानात आली. आईसारखीच उंच. मला शोधत, छातीवरची नावाची पट्टी वाचत.

“तुम्ही इक्बाल ना? भाव लावणारे? आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. जेद्दाला ऑपरेशन झालं, परवा भाऊ येऊन तिला घरी घेऊन गेला.” ती जराशी ओशाळली. “विमानात बसताना तिने मला एक काम सांगितलंय. जरा विचित्र आहे. कांदा काय भावाने चाललाय ते तुम्हाला विचारून तिला कळवायचं.”

मी त्या शुक्रवारच्या चिठ्ठीवरचा आकडा सांगितला. तिने तो मोबाइलमध्ये लिहून घेतला. मला अजून पुष्कळ सांगायचं होतं. पण तिच्या हातात गाडीच्या किल्ल्या होत्या आणि आमची काही ओळख नव्हती. तो आकडा डोरोथीबाईंपर्यंत पोचला का, पोचला तर त्यांना त्यातून किती समजलं, मला माहीत नाही. त्यानंतर त्यांची काही खबर नाही.

ईदला मामूंनी गळाभेट घेतली, पण छातीला छाती लागू न देता. दोन वर्षं आम्ही एकाच छताखाली असे राहिलो. कामाचं बोलायचो. त्यांनी मला काढून टाकलं नाही, मालकाला सांगितलं नाही; माझा इकामा वेळेवर नवा होत राहिला. मला कधी कधी वाटायचं, त्यांनी ओरडावं. चिमणीवरची ज्योत तशीच, समुद्राचा वारा तसाच, खुबूस अजून एका रियालला. अरबी शिकलो, गाडी शिकलो, पण ज्यांच्यामुळे या देशात आलो त्यांच्याशी चार शब्द सरळ बोलता येईनात.

या आठवड्यात मामूंना फायनल एग्झिट लागली, कायमचं घरी परतायची. वय झालं, मालकाने इकामा पुढे चालवला नाही. आज दुपारी त्यांची गाडी आली. दोन बॅगा, झमझमच्या पाण्याचा कॅन, नातवंडांसाठी खेळण्यांचं खोकं. मी सामान डिकीत ठेवलं. ते गाडीत बसले नाहीत; हातात तसबीह घेऊन उन्हात उभे राहिले.

“त्या दिवशी,” ते म्हणाले. कुठला दिवस ते विचारावं लागलं नाही. “तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही ऐकलं असतंत?”

मामूंनी खरंच विचार केला. “नसतं,” ते म्हणाले. “पण सांगायचं होतंस. मी मक्केहून येतोय, तुझ्यासाठी दुआ मागून येतोय, आणि इथे सगळ्या दुकानाला माहीत, मला नाही. कांद्याचं काय घेऊन बसलास. तू माझी पाठ वळायची वाट बघितलीस.”

खरंच बघितली होती. तपासनिसाशी मी एक शब्द बोललो होतो, तोही खोटा. मामूंशी तर तेवढाही नाही. दोन वर्षं मी स्वतःला एकटा पाडलेला माणूस समजत होतो. एकटेपणाची सुरुवात माझ्याकडून झाली होती, हे कधी मनात आलं नव्हतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर मामूंनी मला जवळ ओढलं, घट्ट, त्यांची दाढी माझ्या मानेला टोचली. मग ते गाडीत बसले आणि जेद्दाच्या रस्त्याला लागले.

मी वर खोलीत आलो. जोडे न काढताच गादीवर बसलो आणि नसीमाला फोन लावला. गावी तेव्हा संध्याकाळ झालेली. तिला वाटलं, मामू निघाले हे सांगायला केलाय.

“निघाले,” मी म्हटलं. “पण मला तुला दुसरं काही सांगायचंय. दोन वर्षांपूर्वीचं आहे. जरा लांबलचक आहे.”

“थांबा,” ती म्हणाली. “गॅसवर भात आहे, बंद करून येते.”

तिने फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग पातेल्यावर झाकण ठेवल्याचा, नळ सुरू करून हात धुतल्याचा, आणि मुलीला “तू जरा बाहेर बस” म्हटल्याचा. खुर्ची ओढली गेली.

“हं,” नसीमा म्हणाली, “बोला.”